हात दिसले पायजेत

४ नोव्हें., मंगळ.

प्रशांतनं जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये घालून नवा आणला. मला न विचारता. भाचा माझा, पण ऑर्केस्ट्रा त्याच्या नावावर, त्यामुळं लॅपटॉपही त्याचाच, हे कबूल. पण आतले आवाज कुणाचे? ढोलकी, सनई, संबळ, तुतारी, एकेक बसवायला माझे महिने गेले. माझा कीबोर्ड नुसता सांगतो, बोलतो लॅपटॉप. इतकी वर्षं शेजारी माइक धरून उभं राहणाऱ्याला एवढं कळू नये? म्हणतो, "मामा, नव्यात समदं फास्ट चालतंय."

आवाजांची कॉपी माझ्या हार्डडिस्कवर आहे म्हणून वाचलो.

घरी आणून जोडलं. कीबोर्डचा दिवा लागला आणि लॅपटॉपवर पाटी आली, उपकरण ओळखता आलं नाही. काढून परत लावलं. तीच पाटी. नव्या सुनेनं जुन्या सासऱ्याला ओळखावं ही अपेक्षाच चूक.

६ नोव्हें., गुरु.

डावीकडचं भोक, उजवीकडचं भोक, वायर बदलून, शेजाऱ्यांच्या प्रिंटरची वायर मागून आणून, बंद करून, चालू करून. सगळं झालं. कंपनीचा ड्रायव्हर शोधला. ती कंपनी दुसरीनं गिळली आणि गिळणारीनं जुन्या मालाचं पानच काढून टाकलं. कुणा परदेशी माणसाच्या साइटवर एक सापडला. घातला. "या सिस्टीमसाठी नाही." जुन्यात दहा नंबरची सिस्टीम होती, ह्यात अकरा. एका आकड्यानं परका झालो.

प्र.ला फोन केला. "मामा, ते आता म्युझियममदी ठिवा की."

आधी तुझ्या बापाला ठेव म्हणालो, मग माझा कीबोर्ड. त्यानं फोन ठेवला. दाजींचा तसा काही दोष नाही, पण तोंडावर आले.

७ नोव्हें., शुक्र.

आज का.क्र. नाही. बसल्या बसल्या मोडनिंबचा कार्यक्रम आठवून हसू आलं. जुन्या लॅपटॉपवर तो शेवटचा. पल्लवी उशिरा आली ती आली, वर सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, तुमची ढोलकी पत्र्याचा डबा बडवल्यागत वाजती." वैरागची पोरगी, दिवसा सोलापुरात साडीच्या दुकानात घड्या घालते, संध्याकाळी आमची गायिका. ही मला ढोलकी शिकवणार!

बरं म्हटलं. खंडोबाच्या गाण्याला, दुसऱ्या कडव्यात, ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी चढवायचं, अधिकचं बटण एकदा दाबलं. काळी चारची पांढरी सहा. अर्धाच सूर. ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, गाणाऱ्याच्या मात्र पायाखालची फळी सरकते. बाई टांगल्या. वरच्या ओळीला असा काही आवाज चिरकला की पुढची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी बटण परत खाली आणलं आणि डोळे मिटून भक्तिभावानं वाजवत राहिलो.

नंतर आली. "मामा, मदीच पट्टीला कायतरी झालं."

"पट्टीला काय होतंय? घशाला दाखव कुणाला तरी."

हे मी सारखं करत नाही. ज्याला त्याची जागा दाखवायची असते त्यालाच. हिला उन्हाळ्यापासून अधूनमधून दाखवावी लागते. सूर नाहीच पोरीत, नुसतं दिसणं आणि साडी. प्र.चा कान भोपळ्याचा, त्याला काही कळत नाही.

१० नोव्हें., सोम.

सात रस्त्याला इरफानकडं. दुकानभर मेलेले प्रिंटर. माणूस नाही कधी म्हणत नाही, हाच त्याचा धंदा आणि हाच रोग. "मामा, टेन्शन नक्को लेव. अब्बी होता." अब्बी अब्बी म्हणत जेवणाची वेळ टळली. शेवटी कीबोर्ड पालथा घालून स्क्रू काढले, आणि मागच्या वायरच्या भोकातून लाल भुकटी पडली. कागदावर झटकली. कुंकू. थोडी हळद. झेंडूची एक वाळकी पाकळी.

सौ. दर खंडेनवमीला पूजा मांडते. विळा, शिलाई मशीन आणि माझा कीबोर्ड, एका रांगेत. पुढच्या कळांना बोट लावलेलं मला चालत नाही, म्हणून ही मागच्या अंगाला लावते. मागं भोक.

इरफान पोट धरून हसला. "भाभी ने मशीन को टिक्का लगाया ना मामा!" दुकानातली गिऱ्हाइकंही हसली.

घरी येऊन बोललो. बरंच बोललो. तुझ्या देवानं माझ्या पोटावर पाय दिला म्हणालो. तुझ्या माहेरी बैलांना मळवट भरायचे, तेवढंच तुला येतं म्हणालो. सौ. म्हणाली, "अवो, दरसाली लावतीच की. दरसाली वाजतंयच की."

मी आवाज आणखी चढवला. ती जेवली नाही. मी जेवलो.

१२ नोव्हें., बुध.

कुंकू नव्हे.

इरफाननं ब्रशनं झाडलं, स्पिरिटनं पुसलं, परत जोडलं. तीच पाटी. मग त्याच्या गल्ल्यामागं एक जुनं डबडं आहे, त्यात अजून जुनी सिस्टीम. त्याला लावला. लावताक्षणी ओळखला. इरफान म्हणाला, "मामा, कीबोर्ड बेगुनाह है. भाभी बी बेगुनाह. नया सिस्टम इसको पैचानताच नै."

म्हणजे कीबोर्ड ठणठणीत. कुंकवासकट ठणठणीत.

सौ.ला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात.

प्र.ला म्हणालो, माझ्यापुरता एखादा जुना लॅपटॉप बघ. "दोन दोन कोन सांबाळायचं मामा? पडदा, लाइट, ट्रॅक, समदं एकावरच ठिवायचंय." ट्रॅक, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेलं गाणं, हा शब्द पहिल्यांदा बोलला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१४ नोव्हें., शुक्र.

इरफाननं गोल पिनांची एक स्वस्तातली वायर दिली. कीबोर्डच्या मागं एक जुनं गोल भोक आहे, त्यातून घालायची. हिला ड्रायव्हर लागत नाही म्हणे. तालमीला लावली आणि वाजलं! एक कडवं वाजलं. मग सनईचा एक सूर अडकला. बोट उचललं, थांबेना. दोन्ही हात उचलले, खुर्ची मागं सारली, तरी चालूच. सगळे कानात बोटं घालून माझ्याकडं बघतायत आणि मी बटणं शोधतोय. शेवटी वायर उपटली तेव्हा गप्प झाला.

पल्लवी भिंतीला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी म्हणालो, "माझा सूर सुटत नाही, तुझा लागत नाही. हस."

हसणं थांबलं. बरं वाटलं.

निघताना प्र.नं बाजूला घेतलं. रविवारी अक्कलकोटचं लग्न आहे, तिथं सगळा ट्रॅक लावू म्हणाला. "तुमी बसा फकस्त. हात दिसले पायजेत मामा. लोकांनी लाइव्ह म्हनून बोलावलंय." खांद्यावर हात ठेवून बोलत होता. मी ह्याला कडेवर घेऊन जत्रा दाखवली आहे.

नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं, एकदाचा प्रश्न आहे, तोवर काहीतरी मार्ग

१७ नोव्हें., सोम.

काल अक्कलकोट. वायरसुद्धा जोडली नव्हती. टेबलामागं नुसती लोंबत ठेवली होती, प्र.चीच अक्कल. कुठल्या तरी पोरानं स्टुडिओत वाजवलेली सनई माझ्या बोटांतून निघत होती. पहिली दोन गाणी मी इमानानं बरोबरच्या कळा दाबल्या. मग लक्षात आलं, कुणाला फरक पडतोय? कुठल्याही दाबल्या. मेलेल्या नवरदेवाला फेटा बांधून घोड्यावर बसवावं तसा मी बसलो होतो आणि वरात मजेत चालली होती.

पल्लवी सगळी गाणी गायली. एकदाही चिरकली नाही. ट्रॅकमध्ये मागून बाईचा आवाज असतोच, त्याच्या पदराखाली लपली असणार.

जेवताना मुलीकडचा एक म्हातारा पंगतीतून उठून आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाळ छलो बारिसिद्री." लई छान वाजवलंत. डोळे भरलेले त्याचे. त्याच्या मुलीच्या लग्नातला सनईवाला आठवला म्हणे. हात सोडवून घेतले, नमस्कार केला. पानातली पुरी तशीच राहिली.

सौ.नं विचारलं, कसं झालं? चांगलं म्हणालो.

१९ नोव्हें., बुध.

सौ. बाजाराला सात रस्त्याकडं गेली होती. इरफाननं दुकानातून हाक मारून सांगितलं. घरी आली, पिशवी ठेवली, पाणी प्याली.

"कुंकवाचं न्हवतं म्हनं."

"मग?"

"काय न्हाय. कळलं, एवडंच."

मेथी निवडायला बसली. एकेक काडी सावकाश. इरफानच्या जिभेला स्पिरिट लावलं पाहिजे. मी पेपर उघडून बसलो आणि एक अक्षर वाचलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

दुपारी पल्लवीचा फोन. कधी करत नाही. दुकानातूनच, मागं बायकांची कलकल.

"मामा, तुमच्या कीबोर्डचं पुस्तक नेटवर हाय. मी वाचलं. आदी बंद करा. मंग कडंची दोन बटणं संगट दाबून धरा आन् तसंच चालू करा. मंग ड्रायव्हर लागत न्हाय, कुटल्याबी सिस्टीमला चालतंय, असं लिवलंय."

तुला कुणी सांगितला हा उद्योग, म्हणालो.

"तुमी पुस्तक वाचलंच न्हाय व्हय कदी?"

नाही वाचलं. इंग्रजीत होतं. कपाट डगमगत होतं, त्याच्या पायाखाली घातलं.

फोन ठेवला आणि बराच वेळ मुद्दामच काही केलं नाही. तिच्या सांगण्यावरून उठून करायचं? मग केलं. दोन बटणं धरली, चालू केला. दिवा दोनदा लुकलुकला. लॅपटॉपवर पाटी आली नाही. काहीच आलं नाही. भीत भीत एक कळ दाबली.

संबळ.

माझं संबळ. बा मेंढरं घेऊन फिरायचा त्या गावच्या गोंधळ्यासमोर बसून, एकेक थाप वेगळी रेकॉर्ड करून आणलेलं. ह्या जगात दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपात नाही. दुपारभर वाजवत बसलो. सनई, तुतारी, परत संबळ. रडलोही. सौ. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, मग गेली.

पल्लवीला फोन केला. "चालू झाला." ती "बरं" म्हणाली. मी पण "बरं" म्हणालो. हिला काय मिळालं ह्यातून? फुकट कुणी कुणाला काही देत नाही. आणि मला हिच्याकडून काही घ्यायचं नव्हतं.

२४ नोव्हें., सोम.

काल होटगी रोडच्या कार्यालयात हळद. ठेक्यापुरता ट्रॅक, बाकी सगळं मामा, असं ठरलं होतं. प्र. स्वतःहून म्हणाला, मी आग्रह केला नाही. मिक्सरवर त्याचा साउंडवाला. पायाशी माझा छोटा स्पीकर, त्यात फक्त माझं वाजवणं, माझं मला ऐकू यायला.

काय वाजवलं काल! इतक्या दिवसांची उपासमार. बोटं दहा वर्षांनी तरुण. हॉलमध्ये आवाज दुपटीनं भरलाय असं वाटत होतं, म्हटलं नव्या लॅपटॉपचा गुण असेल, प्र.ला उगाच शिव्या दिल्या. नवरीच्या मावश्या, काकवा, सगळ्या नाचायला उतरल्या.

पल्लवीला टाळ्या जास्तच पडल्या. टाळ्या पडताना वळून माझ्याकडं बघून हसली. का हसली? दोन बटणं सांगितली म्हणून? आता ही मला जन्मभर अशीच हसणार? पुढच्या गाण्याला, दुसऱ्या कडव्यात, अंगठा बटणावर गेला. दाबलं.

पायाशी काळी चारची पांढरी सहा झाली. ती काळी चारमध्येच गात राहिली. हलली नाही. आणखी एकदा दाबलं. काळी पाच. माझ्या कानात नुसती कुत्री भांडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही नाही. काकवा नाचत होत्या. एकाही माणसाची मान वळली नाही.

हात उचलले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सनई चालू होती. संबळ चालू होतं. माझं नव्हे, ते दुसरंच कुठलं तरी गुळगुळीत संबळ.

प्र. स्टेजच्या कडेला उभा होता. मला बघितलं आणि बोटं नाचवून खूण केली. हात. हात.

मी हात परत वर ठेवले.

२५ नोव्हें., मंगळ.

प्र.ला घरी बोलावलं. सौ.ला चहा करायला आत पाठवलं. परवा माझा आवाज बंद ठेवला होतास का, विचारलं. ओशाळला असता तर भांडता तरी आलं असतं.

"व्हय मामा. मिक्सरवर तुमचा स्लायडर खालीच हुता, हॉलात समदा ट्रॅकच. परत सनई अडकली म्हंजे? रिस्क कोन घेनार?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमी बसला असता व्हय?"

मग म्हणाला, "आन् दुसरं बी हाय. उन्हाळ्यातच पल्लवी म्हनली हुती. मामा तरी, न्हायतर मी तरी. म्हनली, मामा मदीच पट्टी चढवत्यात, माजा घसा फाडत्यात. मला काय कळंना. साउंडवाल्याला इचारलं. त्यो म्हनला, समद्यांना म्हाईत हाय."

सगळ्यांना माहीत. डोळे मिटून भक्तिभावानं वाजवत होतो ते सगळे उघड्या डोळ्यांनी बघत होते.

"लोकं तिच्यासाटी बोलावत्यात मामा. तुमच्या पाकिटात काय कमी न्हाय. बसा की. तरास काय हाय?"

पेटी कशी धरायची ते तुला मी शिकवलं, म्हणालो.

"म्हनून तर बसवलंय."

चहा आला. दोघांनी प्यायला. ताटात वाढलेलं सोडून उठायची हिंमत लागते, ती माझ्यात नाही हे त्याला माझ्याआधी कळलं. सगळे मला मामा म्हणतात, आणि मामाच बनवला.

२७ नोव्हें., गुरु.

पल्लवीच्या दुकानात गेलो. मुद्दाम भर गर्दीच्या वेळी. लग्नसराई, गादीवर बायका, पुढं साड्यांचा ढीग, मालक गल्ल्यावर. म्हटलं, सगळ्यांना ऐकू दे.

"ही तुमच्याकडं कामाला आहे ना? लोकांना सांगते मी गायिका. मशीनवर गाते. मशीन बंद केली तर एक ओळ धड निघायची नाही. बापानं गाणं नाही शिकवलं, निदान लाज तरी शिकवायची."

तिचा बाप मागच्या साली गेला. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बापाचं नाव काढलं.

"गा की आता. उघडी गा. मशीन नाही, काही नाही."

मालक उठला. तिनं हातानंच त्याला बसवलं. हातातल्या साडीची घडी पुरी केली. मग गायली. खंडोबाच्या गाण्याची ती वरची ओळ, मोडनिंबला चिरकली होती तीच. माझ्याकडं न बघता, बारीक आवाजात, दुसऱ्या साडीची घडी घालता घालता.

मी ऐकलं. खोट काढायलाच गेलो होतो. जन्मभर दुसरं काही केलं नाही, कान लावून बसलो. सापडली नाही.

ओळ संपली तेव्हा म्हणाली, "अक्कलकोटला तुमी मेल्यागत बसला हुता. मला वाटलं, बगून बरं वाटंल. न्हाय वाटलं. म्हनून पुस्तक वाचलं. स्लायडरचं मला म्हाईत न्हवतं मामा, परवा कळलं." आणि गिऱ्हाइकाकडं वळली. "ताई, ह्यात हिरवा बी हाय, दाखवू का?"

बाहेर येऊन पायरीवर मोबाइलचा तंबोरा लावून बघितला. वाटलं, निदान पट्टी तरी चुकली असेल. काळी चार. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. इतके महिने तिच्या शेजारी बसून मला हे ऐकू आलं नाही. आलं असेल. आलं म्हणूनच तर

३० नोव्हें., रवि.

काल परत का.क्र. बसलो. हात दिसले.

पल्लवी येताना "नमस्कार मामा" म्हणाली, नेहमीसारखं. मी वायर नीट करत होतो. जोडलेली नसलेली वायर.

३ डिसें., बुध.

सौ.शी कुंकवाचं बोलायचं होतं. सकाळपासून ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि "आमटीत मीठ कमी आहे" म्हणालो. तिनं मीठ आणून ठेवलं. कमी नव्हतं. घातलं आणि खाल्लं.

५ डिसें., शुक्र.

प्र.चा फोन. रविवारी वैराग. पल्लवीच्या चुलतभावाची हळद, म्हणजे तिची अख्खी भावकी पुढं बसणार. आई पहिल्या रांगेत.

"मामा, पल्लवी म्हनली, तितं शेवटच्या खंडोबाच्या गान्याला ट्रॅक नको. ठेका बी नको. तुमचा स्लायडर वर. तुमी आन् ती, दोगंच."

"अट काय?"

"अट न्हाय म्हनली."

"काहीतरी म्हणाली असेल."

"मी बी इचारलं की. म्हनलं, मामांनी परत पट्टी चढवली तर? म्हनली, चढवू देत. समद्यांना ऐकू यील."

हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

अट घातली असती तर बरं होतं. अटीशी भांडता येतं. माफी माग म्हणाली असती तर थुंकून उठलो असतो, मोकळा झालो असतो. हिनं काहीच मागितलं नाही. माझं संबळ वैरागच्या मैदानभर घुमणार, ह्याच्यासाठी महिनाभर मरमर केली, इरफानच्या दारात बसलो, सौ.ला नाही नाही ते बोललो. आणि स्लायडर वर करणार कोण, तर ही. इतकं दुष्ट मलाही कधी सुचलं नाही. की दुष्ट नाहीच आहे ते? तसं असेल तर आणखी वाईट.

७ डिसें., रवि.

सकाळपासून ती एकच ओळ वाजवतोय. अंगठा कुठं ठेवावा कळत नाही. इतकी वर्षं बटणाजवळ असायचा, तिथून काढला तर पूर्ण हातच परका वाटतो.

नाही गेलो तर प्र. ट्रॅक लावेल. कुणाचं काही अडणार नाही, खुर्चीवर दुसरं कुणी बसवतील, हात सगळ्यांनाच असतात. गेलो आणि सरळ वाजवलं तर तिच्या मेहेरबानीवर वाजवलं, ती गाणार आणि मी मागं, आणि साउंडवाल्यापासून सगळे माझ्या अंगठ्याकडं बघणार. दाबलं तर तिच्या आईसमोर मी उघडा. ती हलायची नाही, हे मला आता माहीत आहे.

आणि हे माहीत असूनही हौस गेलेली नाही. ती ओळ आली की अंगठा तिकडं ओढ घेतोच. आज सकाळी घरी, एकटा, कुणी गात नसतानाही दोनदा गेला. वैरागला पोचेपर्यंत ही खाज जाते का, का तिथं टाळ्या ऐकून वाढते, काही सांगता येत नाही. तिची ती ओळ तिच्या गावात, माझ्या संबळावर, कशी लागेल तेही ऐकायचं आहे. दोन्ही आहे. दोन्ही एकाच हातात आहे.

गाडी खाली आली. प्र. हॉर्न देतोय. कीबोर्ड अजून खोळीत घातलेला नाही.

सौ. दारातून विचारते, "खाली काय सांगू? येताय म्हनू, का न्हाय म्हनू?"

थांब म्हणालो, एवढं लिहून होऊ दे.